फारसीचे प्राध्यापक आणि भाषाशुद्धी? माधव जूलियन यांचं कोडं

एमए_दुसरं_वर्ष:
उद्या वर्गात कवी माधव जूलियन यांच्यावर बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. माधव त्र्यंबक पटवर्धन फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवायचे. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश आला, मग उमर खय्यामच्या रुबाया (चार ओळींच्या कविता) थेट मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. आणि १९३८ मध्ये हेच गृहस्थ मराठीतून फारसी-अरबीसारखे परके शब्द काढा म्हणणाऱ्या चळवळीच्या बाजूने 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितात! मी काही चुकीचं वाचतेय का?

निवृत्त_मास्तर:
नाही गं, बरोबर वाचतेयस. सावरकरांची भाषाशुद्धी त्यांना मनापासून पटली होती. पण परका शब्द कुठला, हे कोश करणाऱ्याइतकं कोणाला कळणार? 'शहर', 'दुकान' आपल्याला घरचेच वाटतात. त्यांना त्यांचं मूळ दिसत असणार. (मी मराठीचा मास्तर असून जन्मभर 'हजेरी'च घेतली. 'उपस्थिती' काही जिभेवर बसली नाही.)

खरी गंमत वृत्तात आहे. त्यांच्या कवितेतली 'प्रेमस्वरूप आई' ही ओळ 'सारे जहाँ से अच्छा'च्या चालीवर म्हणून बघ. 'स्व'मुळे आधीचा 'म' गुरू होतो, म्हणजे गा गा ल गा ल गा गा (गा म्हणजे गुरू, लांब अक्षर; ल म्हणजे लघू, आखूड). इकबालच्या ओळीचाही हाच क्रम. आपल्याकडे त्या वृत्ताला आनंदकंद म्हणतात. शब्द बघावेत तर 'वात्सल्यसिंधु'सारखे संस्कृत, आणि चाल फारसी गझलेची! वर्गात पोरं आधी फिदीफिदी हसायची, मग बाकावर ठेका धरायची.

एमए_दुसरं_वर्ष:
सर, आत्ता मोठ्याने म्हणून बघितलं. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, आज पंधरा ऑगस्ट आहे का!

कोल्हापूरकर:
यात भर घालतो. १९२८ पासून ते आमच्या राजाराम कॉलेजात होते. 'छंदोरचना' या वृत्तांवरच्या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, तीही १९३८ मध्येच. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात गेले. वय अवघं ४५.

निवृत्त_मास्तर:
आणि हो, 'गझल' हा शब्द ते 'गज्जल' असा लिहायचे, दोन ज. पुस्तकाचं नावच 'गज्जलांजलि'. फळ्यावर लिहिताना एक ज गाळू नकोस. माझ्या एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेत परीक्षकाने त्या जादा ज भोवती लाल गोल काढला होता, अर्धा गुणही कापला. अजून राग येतो.