कचऱ्याचे वजन आणि मिथेनचा हिशेब

नगरपालिकांच्या काट्यावर कचऱ्याचे वजन होतेच, तेव्हा कचरा कुजून निघणाऱ्या मिथेन या हरितगृह वायूचे देशातील उत्सर्जन त्या आकड्यांवरून सहज काढता येईल, असा एक दावा केला जातो. हे अर्धेच खरे आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २००६ च्या पद्धतीत आज टाकलेल्या कचऱ्यातील मिथेन पुढील अनेक वर्षांच्या खात्यावर थोडाथोडा पडत जातो आणि त्याचा वेग हवामानावर ठरतो. आपल्या सातारा जिल्ह्यातच पाहा : उष्ण प्रदेशासाठी वार्षिक १००० मिलिमीटर पाऊस ही कोरड्या आणि ओल्या हवामानातली सीमा मानलेली असल्याने, कोरड्या माण तालुक्यातील कचरा डेपोत गाडलेली कोबीची पाने निम्मी कुजण्यास सुमारे आठ वर्षे धरावी लागतात, तर कोयनानगरच्या पावसात दोन वर्षेही लागत नाहीत. शिवाय बेशिस्त ढीग पाच मीटरांहून खोल असेल तर मिथेनचा गुणक (कचऱ्याचा किती हिस्सा हवेविना कुजतो ते दाखवणारा आकडा) ०.८, उथळ असेल तर ०.४, म्हणजे खोलीची नोंद (जी ठेवण्याची तसदी क्वचितच घेतली जाते) नसेल, तर हिशेब दुपटीपर्यंत चुकू शकतो. उत्सर्जनाच्या हिशेबात कचऱ्याच्याच विभागात सांडपाणीही मोडते, त्यामुळे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतील स्पेंटवॉशचा (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) मिथेनही त्यात धरावा लागतो. मात्र बायोगॅस संयंत्रात पकडून जाळलेला मिथेन मोजमापाचा पुरावा असेल तरच वजा करावा.