अमेरिकेत कमरेला उघडं पिस्तुल दिसलं तर ९११ (पोलिसांचा इमर्जन्सी नंबर) लावायचा का?

प्लॅनोकर: शनिवारी ग्रोसरीच्या लायनीत पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तुल, चक्क दिसेल असं, आणि हातात दुधाचा गॅलन. बायको म्हणे ९११ लाव, मी नाही लावला. टेक्सासात २०१६ पासून लायसन असेल तर हँडगन उघडी लावून फिरता येतं आणि सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसनही लागत नाही, मग पोलिसांना सांगणार काय, की एक माणूस दूध घेतोय? हात पिस्तुलाकडे गेला, कुणावर रोखलं, तरच फोन.

ह्यूस्टनचा बाळ्या: साफ चूक. कोलोरॅडो स्प्रिंग्ज, ३१ ऑक्टोबर २०१५. शेजारणीने फोन करून सांगितलं माणूस रायफल घेऊन फिरतोय, तर पलीकडून तिला ओपन कॅरीचा, म्हणजे बंदूक उघडी लावून फिरायचा, कायदा ऐकवला. थोड्याच वेळात त्याने तिघांना मारलं.

प्लॅनोकर: अरे पण तिने नुसती रायफल नव्हती सांगितली, तो बिल्डिंगमध्ये शिरतोय हेही सांगितलेलं. चूक ते न ऐकण्यात झाली. आणि उलटी केस घे, ओहायोतल्या टोलेडोला २०१० मध्ये एक जण घरच्यांबरोबर कुत्रा फिरवत होता, कमरेला पिस्तुल, एका बाइकवाल्याशी बाचाबाची, पोलीस आले आणि थेट बेड्या. २०१५ ला अपील कोर्ट म्हणालं, ओपन कॅरी कायदेशीर आहे तिथे नुसती बंदूक दिसली म्हणून माणसाला अडवता येत नाही.

सदाशिवपेठी: कोर्ट पाच वर्षांनी बोलतं हो, पोलीस पाच सेकंदांत. त्याच ओहायोत २०१४ ला बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड शेल्फवरची एअर रायफल हातात घेऊन फोनवर बोलत होता, कुणीतरी ९११ ला कळवलं की लोकांवर रोखतोय, पोलिसांनी येऊन गोळ्या घातल्या. पोरगा काळा होता. ओपन कॅरी तिथेही चालायचं बरं का. आपण काही गोरे नाही, एवढं ध्यानात ठेवा.

ह्यूस्टनचा बाळ्या: म्हणून तर म्हणतो हा कायदाच पोलिसांच्या मुळावर आलाय. डॅलसला जुलै २०१६ च्या मोर्चात लोक रायफली लटकवून चालत होते, गोळीबार झाला, पाच पोलीस गेले, आणि त्या गोंधळात डॅलस पोलिसांनी एका रायफलवाल्याचा फोटो संशयित म्हणून ट्विटरवर टाकला, ज्याचा काडीचा संबंध नव्हता.

साताऱ्याचा बंड्या: आमच्याकडं इलेक्शन लागली की लायसनवाले पण ठाण्यात बंदुका जमा करत्यात. तुम्ही पण बंदुका विकत घेता काय रे तिकडं?

प्लॅनोकर: एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याला, फेडरल कायद्याने बंदूक ठेवता येत नाही, शिकारीच्या लायसनसारखे अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाले घेतात की.

सदाशिवपेठी: दुकानाच्या दारावर टेक्सास कायद्याच्या ३०.०७ कलमाची पाटी होती का? इंग्रजी-स्पॅनिश, इंचभर अक्षरं, वाचत कुणी नाही. ती असेल तर लायसनवाल्याचं उघडं पिस्तुल आत चालत नाही, मॅनेजरला सांगायचं. फोन केलाच तर नुसतं 'बंदूकवाला आलाय' नका ओरडू, बंदूक होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) आहे का हातात, माणूस काय करतोय, ते सांगा.

ह्यूस्टनचा बाळ्या: आणि पाटी नसेल तर? मी तरी लावणार फोन, शेजारी पोरं उभी असताना होल्स्टर कोण बघत बसणार.