चाकूची उलटी पकड भारी का सरळ? माझं मत: दोन्ही सोडा, पळा

जुळेसोलापूरकर: काल जिममधे दोघांची जुंपली. एक जण रील बघून आलेला, म्हणे पातं करंगळीकडून खाली धरायचं, ही आइसपिक ग्रिप म्हणजे प्रोफेशनल, सरळ धरणं म्हणजे भाजी चिरणाऱ्याचं काम. मी म्हणलं बे, उलट्या पकडीत तुझी पोच कमी होतीय ते कळतंय का. पण मुद्दा तो नाहीच. खरा चाकूवाला गुडघे वाकवून स्टान्स घेऊन समोर उभा राहत नाही, हात मांडीमागं असतो, आणि लागल्यावर बऱ्याच जणांना आधी बुक्की बसली असंच वाटतं. चाकूपासून बचाव शिकवणाऱ्या या क्लासनी पोरांना उगं फाजील कॉन्फिडन्स येतोय.

लाठीबहाद्दर: सरसकट बोलू नका. मी ६ वर्षं फिलिपिनो काली, म्हणजे तिकडची काठी-चाकूची युद्धकला, करतोय, तिकडं उलट्या पकडीला पकाल म्हणतात आणि ती धराधरीच्या अंतरासाठीच आहे, लांबून मारायला नाहीच. शिकल्यावर समोरच्याचा हात कुठं गेला हे लगेच दिसतं. नाहीतर आपली लाठी, दांडपट्टा पण फालतूच का मग?

बाळ्याचा बाबू: माझं मटणाचं दुकान, सुरी हातात घेऊन २० वर्षं झाली. चरबी लागली की मूठ साबणासारखी होती, हाडाला टोक अडलं की हात सरकून पात्यावर. तर्जनीला ४ टाके हायत. आणि समोर सोललेलं बोकड होतं, ते काय उलटं मारत नव्हतं.

लाठीबहाद्दर: 😂 मान्य. पण म्हणूनच सराव पाहिजे ना

जुळेसोलापूरकर: सराव कसला पण? क्लासमधे पार्टनर एकदा मारतो आणि हात तसाच हवेत ठेवून थांबतो, तुम्ही निवांत मनगट पिरगाळता. खरा माणूस हात मागं ओढून सात-आठ वेळा मारतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस ट्रेनर डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मधेच लिहून ठेवलंय, चाकूवाला २१ फूट साधारण दीड सेकंदात कापतो. म्हणजे पिस्तूल काढेपर्यंत पोलिसाची पण पंचाईत, आणि तुम्ही मनगट धरणार?

कोर्टकचेरी: मधेच बोलतो. खिशात चाकू ठेवायचा सल्ला कुणी देऊ नका. ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं असेल आणि ते घरकाम, शेती, धंद्यासाठी बनवलेलं नसेल तर लायसन लागतं. लहान असला तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा शस्त्रबंदीचा आदेश लागू असला की शस्त्र जवळ बाळगलं म्हणून केस होती. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मधे आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या मागं धावून मारलं तर ते स्वसंरक्षण राहत नाही.

सेकंडशिफ्ट: सगळे दादा पळा पळा म्हणताय. मी गारमेंटमधून रात्री सुटते, साडी, हातात डबा, कधी पोरगं कडेवर. कुठं पळू सांगा. गेल्या वर्षी एकानं चाकू दाखवला, मी पर्स त्याच्या पायाशी न टाकता लांब फेकली, तो तिकडं वळला, मी उभ्या रिक्षेच्या पलीकडं गेले आणि ओरडले. कुठलीच ग्रिप येत नव्हती मला.

जुळेसोलापूरकर: ताई, हेच म्हणतोय मी!

लाठीबहाद्दर: नाही हो, मधे रिक्षा घेणं हीच ट्रेनिंग आहे, ताईंना ती उपजत आली एवढंच. सगळ्यांना येत नाही, लोक जागीच गोठतात.

बाळ्याचा बाबू: रविवारी सकाळी ६ ला होम मैदानावर या दोघं. पांढरं बनियन घाला, लाल स्केचपेन मी आणतो, तोच चाकू. १० सेकंद. मग रेघा मोजू.

लाठीबहाद्दर: येतो. पण बनियन तुम्ही पण घाला.