युद्ध चालू असताना सेनापतींवर टीका: 1962 मध्ये नेमकं काय झालं होतं?

अनघा_सांगली

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. मोठे दीर म्हणाले, लढाई सुरू असताना सैन्यातल्या वरिष्ठांबद्दल ब्र काढायचा नाही, काय विचारायचं ते नंतर विचारा. मी म्हटलं, नंतर म्हणजे कधी? त्यावर धाकट्या जावेने तिरंग्यांची रांग टाकली आणि विषय मिटला.

माझा प्रश्न इतिहासाचा आहे. 1962 च्या चीन युद्धात आपल्याकडे सेनाधिकाऱ्यांवर उघड टीका झाली होती का? कुणी केली, आणि तिने फायदा झाला की तोटा? शाळेत आम्हाला हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला एवढंच शिकवलं. कृपया आजचं राजकारण मध्ये आणू नका.

रानवारा

तुमच्या दिरांचं बरोबर आहे. सीमेवरच्या जवानाला कळलं की मागे आपल्या साहेबाची अब्रू चव्हाट्यावर काढताहेत, तर तो कुणाच्या भरवशावर लढेल? आणि सेवेतल्या जनरलला पत्रकार परिषद घेऊन उत्तरही देता येत नाही. ज्याचे हात बांधलेत त्याला मारण्यात कसला पुरुषार्थ? पाहिजे तर मंत्र्यावर बोला.

सुभेदार_कराडकर

ताई, मी सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन खात्यातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. 62 ला मी पाळण्यात होतो, त्यामुळे सांगतोय ते वाचलेलं आणि युनिटातल्या जुन्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं.

रानवारा म्हणतात ते, की मंत्र्यावर बोला आणि जनरलला सोडा, 62 मध्ये बरंचसं तसंच झालं. काय झालं ते बघा.

मुळात टीका युद्धाच्या आधीच झाली होती आणि ती खरी होती. 31 ऑगस्ट 1959 ला लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला, कारण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना, आणि त्यात बढत्यांचा विषय होताच. नेहरूंनी गोड बोलून तो मागे घ्यायला लावला, आणि दोन दिवसांनी संसदेत उभं राहून बोल लावला तो थिमय्यांनाच. एप्रिल 1961 मध्ये आचार्य कृपलानी लोकसभेत मेननवर तुटून पडले: सैन्यात गट पाडले, मर्जीतल्यांना पुढे काढलं. मेनननी सगळं झटकलं, नेहरू त्यांच्या पाठीशी राहिले. पुढच्या फेब्रुवारीत कृपलानी उत्तर मुंबईत मेननसमोर उभे राहिले आणि सपाटून पडले. म्हणजे त्या टीकेला केराची टोपली दाखवण्यात आपले मुंबईकरही होते.

मर्जीतला माणूस म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जायचं ते लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. हुशार, झपाट्याने काम उरकणारे, नेहरूंच्या जवळचे. पण बराचसा काळ आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेलेला, लढाईत बटालियन कधी हाताळलेली नाही. ऑक्टोबर 1962 च्या सुरुवातीला तेजपूरला नवी 4 कोअर (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांची मोठी फौज) उभी केली आणि तिच्यावर यांना बसवलं. का? तर आधी त्या भागाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या उमराव सिंगांनी लेखी कळवलं होतं की एवढ्या रसद-सामानात चिन्यांना थाग ला डोंगरावरून हाकलणं होणार नाही. खरं बोलले म्हणून त्यांच्याकडून नेफा (आजचा अरुणाचल) काढून घेतला. मोकळेपणाने बोलणाऱ्या माणेकशांवर तर वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात असताना देशविरोधी वागण्याच्या आरोपाखाली चौकशी बसवली होती, तीतून ते निर्दोष सुटले. अशा हवेत कोण तोंड उघडणार?

आता नमका चू. हा थाग ला डोंगराच्या पायथ्याचा एक ओढा, त्यावर ओंडक्यांचे पूल, एक नंबर, दोन नंबर अशी नावं. काठावर ब्रिगेडियर दळवींची 7 ब्रिगेड. उंची 10,000 फुटांच्या वर, बऱ्याच जणांच्या अंगात सुती उन्हाळी वर्दी, माणशी पन्नासेक गोळ्या, आणि समोरच्या उंचावरून चिनी सगळं बघतोय. आमच्या खात्याचं सांगतो: त्या काळच्या वायरलेस सेटच्या बॅटऱ्या भरायला चार्जिंग इंजिन लागायचं, आणि ते धूड तसल्या डोंगरात पोर्टरच्या पाठीवरून न्यायचं. दिल्लीतल्या नकाशावर हे इंजिन दिसत नाही. खुद्द कौलना तिथल्या चढावर दम लागला तेव्हा एका खांपा (तिबेटी) पोर्टरने पाठुंगळी घेतलं.

10 ऑक्टोबरला ओढ्यापलीकडे त्सेंग जाँगला पाठवलेल्या 9 पंजाब बटालियनच्या छोट्या तुकडीवर चिनी मोठ्या संख्येने चालून आले. कौलनी ते अलीकडच्या काठावरून डोळ्यांनी पाहिलं. लगेच दिल्ली गाठली. तिथे हल्ल्याचा बेत बाजूला पडला, पण ब्रिगेडला त्या खड्ड्यातून मागे घ्यायचं काही कुणी ठरवलं नाही. 12 तारखेला सिलोनला निघालेले नेहरू विमानतळावर पत्रकारांना सांगून गेले की आपला प्रदेश मोकळा करायचे हुकूम दिलेत. मग मागे फिरायची दारंच बंद. 18 ला कौल आजारी होऊन पुन्हा दिल्लीत, आणि घरी पलंगावरून हुकूम सोडताहेत. 20 च्या पहाटे तोफा सुरू झाल्या तोवर चिन्यांनी आमच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या होत्या. 2 राजपूत ही बटालियन जवळपास संपली. 22 ला दळवी कैद झाले.

यानंतर देशात जो भडका उडाला तो मेननच्या नावाने. वाजपेयींसारख्या विरोधकांनी लढाई चालू असतानाच अधिवेशन मागितलं, नेहरूंनी दिलं, 8 नोव्हेंबरला सुरू झालं. गुप्त बैठक घ्या अशी सूचना आली होती, तीही नेहरूंनी मानली नाही. ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवी. दीडशेहून जास्त खासदार बोलले. मेनन आदल्या दिवशीच मंत्रिमंडळातून गेले होते.

आणि कौल? 29 ऑक्टोबरला परत 4 कोअरच्या खुर्चीत! मधले चार-पाच दिवस हरबख्श सिंग यांनी कोअर सांभाळली, त्यांना हलवून यांना परत आणलं. मंत्री गेला, सेनापती राहिला. 14 नोव्हेंबरला लोकसभेने चिन्यांना हुसकावण्याचा ठराव केला, त्याच दिवशी नेफाच्या पूर्व टोकाला वालाँगला आपल्या 6 कुमाऊं बटालियनचा हल्ला झाला. 16 ला वालाँग पडलं, 18 ला से ला खिंड, पाठोपाठ बोमडिला. मग कुठे लष्करप्रमुख थापर गेले, कौल गेले, माणेकशा 4 कोअरवर आले.

रानवारा, जवान वरच्या साहेबांवर कुणी बोललं म्हणून खचत नाही हो. आपल्या सीओने (कमांडिंग ऑफिसरने) वर कळवलेलं खरं कुणी ऐकत नाही, हे कळल्यावर खचतो.

मधुकर_ठाणे

सुभेदारसाहेब, माहिती उत्तम, पण एक बाजू राहिली. ज्या लोकसभेला तुम्ही शाबासकी देताय, तिनेच 1959 पासून नेहरूंना कोंडीत पकडलं होतं. लाँगजू, कोंगका खिंड इथे चिन्यांशी चकमकी झाल्यावर प्रत्येक अधिवेशनात एकच घोशा, एक इंच सोडायची नाही, चौक्या पुढे न्या. वर्तमानपत्रंही त्याच सुरात. 1961 च्या अखेरीस पुढे चौक्या टाकण्याचं धोरण आलं ते या दबावातून. मग टीकेने माणसं वाचली की मारली?

सुभेदार_कराडकर

मधुकरराव, मान्य, आणि हे मी वरच लिहायला हवं होतं असंही नाही, कारण ही टीकेची वेगळी जात आहे. कृपलानी विचारत होते की या माणसाला या जागी कोणी आणि का बसवलं. ते विचारायला नकाशा लागत नाही, आणि शत्रूला त्यातून काही कळतही नाही. बाकीचा गलका कुठे चढाई करा, केव्हा करा, याचा होता. तो रेट्याचा कारभार. नमका चूवरचा दळवी त्या रेट्यात सापडला. मात्र त्या रेट्याला नाही म्हणायची जागा लष्करप्रमुखाची आणि मंत्र्याची होती. थापरनी शंका बोलून दाखवल्या, पण पाय रोवला नाही. उमराव सिंगांनी रोवला, त्यांचं काय झालं ते वर लिहिलंय.

ताई, सह्याद्रीबद्दल. चव्हाणसाहेबांनी नोव्हेंबरअखेर संरक्षण खातं घेतलं आणि रोज सकाळी तिन्ही दलप्रमुखांबरोबर बैठक सुरू केली. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली ती त्यांच्याच काळात. 2 सप्टेंबर 1963 ला त्यांनी सभागृहात सांगितलं की कनिष्ठ अधिकारी ठीक होते, उणिवा जास्त दिसल्या त्या वरच्या पातळीवर. संरक्षणमंत्री स्वतःच्या सैन्याच्या जनरलांबद्दल भर लोकसभेत असं बोलला, आणि सैन्य काही मोडलं नाही. दोन वर्षांत 65 चं पाकिस्तान युद्ध आलं.

एक गोष्ट मात्र त्यांची मला पटत नाही, मी कराडचा असलो तरी. या चौकशीचा अहवाल त्यांनी दाबला. 62 मध्ये दळवींच्या वर 4 डिव्हिजनला असलेले निरंजन प्रसाद नमका चूनंतर हटवले गेले होते. पुढे ते परत आले, आणि 1965 मध्ये लाहोर आघाडीवर 15 डिव्हिजन त्यांच्याकडे होती. इछोगिल कालव्याजवळ त्यांची जीप कागदांसकट पाकिस्तानच्या हाती लागली, रेडिओ पाकिस्तानने ते कागद वाचून दाखवले, आणि युद्ध चालू असतानाच त्यांना पुन्हा काढावं लागलं. 62 मधला त्यांचा दोष किती, यावर दोन मतं आहेत. नमका चूच्या बेताला त्यांचाही विरोध होता. अहवाल उघडा असता तर लोकांनी त्यांच्या बाजूने तरी बोललं असतं, नाहीतर विरोधात तरी. दोन्ही झालं नाही.

अनघा_सांगली

खूप आभार काका. तो अहवाल आता वाचायला मिळतो का?

सुभेदार_कराडकर

सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्यातला बराच भाग इंटरनेटवर टाकला, तो शोधला तर सापडतो. पण भाषा लष्करी आहे, कंटाळाल. त्यापेक्षा चव्हाणसाहेबांचं निवेदन लोकसभेच्या छापील कामकाजात आहे, ते काढा आणि दिरांना पाठवा. जावेलाही पाठवा, तिरंग्यासकट.