रांगेतला पहिला टेम्पो

नेटवर्क स्विच, म्हणजे आलेला डेटा हव्या त्या वाटेने पुढे सोडणारा डबा, त्याच्याबद्दल दोन गोष्टी ऐकू येतात. एक, पोर्ट (तारा जोडायच्या जागा) दुप्पट केले की क्रॉसबारचे, म्हणजे प्रत्येक इनपुट प्रत्येक आउटपुटला थेट जोडणाऱ्या जाळीचे, जोडबिंदू चौपट होतात; हे बरोबरच. हजार इनपुट, हजार आउटपुट म्हणजे सरळ दहा लाख. टेलिफोन इंजिनिअर चार्ल्स क्लॉसच्या १९५३ च्या तीन टप्प्यांच्या रचनेत इनपुट-आउटपुटचे वीस-वीसचे गट आणि मध्ये ३९ स्विच घेतले की १,७५,५०० मध्ये भागतं, तेही एकही कॉल न अडता. पण दुसरी गोष्ट, 'फॅब्रिक (स्विचमधली ही जोडणीची जाळी) वेगवान असलं की झालं', हे काही पटत नाही. आमच्या सोलापुरात सात रस्त्याला बघा. चादरींचे गठ्ठे लादलेला टेम्पो सरळ जायला सिग्नलला उभा, मागच्या दुचाकीला डावीकडे वळायचंय, डावा रस्ता मोकळा, तरी हॉर्न वाजवत बसायचं. इनपुटला एकच रांग ठेवली की स्विचचंही हेच. पोर्ट भरपूर आणि ट्रॅफिक सगळीकडे सारखं विखुरलेलं असलं तरी थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्षात पुढे जाणारा डेटा, क्षमतेच्या ५८.६ टक्क्यांवर अडकतो. म्हणून प्रत्येक इनपुटवर प्रत्येक आउटपुटची वेगळी रांग ठेवतात. मग कुणाला कधी सोडायचं हे ठरवणारा शेड्युलर लागतो, आणि खरी डोकेदुखी तोच.

छोट्या प्रमाणात मी हे भोगलंय. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सगळे गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट, तरी अख्खं ऑफिस रडत होतं. दोन दिवस केबली बदलल्या. शेवटी सापडलं काय, तर १०० एमबीपीएसचा जुना सीसीटीव्ही रेकॉर्डर. त्याचा पोर्ट तुंबला की स्विच सर्व्हरलाच 'थांब' म्हणायचा, मग सगळ्यांचंच अडायचं. ही 'थांब' म्हणायची सोय, म्हणजे फ्लो कंट्रोल, बंद केली, सुटलं.