त्याच्या बंगल्यानं माझं काय बिघडलं? बिघडलं की!

गंगावेशकर
काल इथं एकानं लिहिलं, "विषमता हा जळकुट्यांचा विषय. शेजाऱ्यानं चार मजली बंगला बांधला म्हणून तुमच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. गरिबीवर बोला, श्रीमंतीवर नको." खाली अंगठ्यांचा ढीग. झोपायच्या आधी वाचलं आणि झोप गेली, म्हणून हे लांबण.

२०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवा. उपसा केंद्रं पाण्याखाली, शिरोलीजवळ हायवे बंद, अख्खं गाव पाण्यात आणि प्यायला थेंब नाही. टँकरच्या रांगेत मी कळशी घेऊन उभा. माझ्या पुढं आमच्या भागातले एक बडे बिल्डर, हाफ पँटीत, हातात दोन बादल्या. तासभर गप्पा झाल्या. महापालिकेला त्यांनी अशा शिव्या घातल्या की मला चार नव्या कळल्या. वाटलं, आता हा माणूस काहीतरी करणार, ह्याचा फोन साहेब उचलतात. केलं त्यांनी. पाणी ओसरल्यावर महिन्याभरात बंगल्यात बोअर, वर आरओ, मागं जनरेटर. २०२१ ला परत पूर आला तेव्हा रांगेत आम्हीच, ते नव्हते.

तर माझी भाकरी कमी झाली नाही, मान्य. माझ्या रांगेतला वजनदार माणूस कमी झाला. नळ, केएमटीची बस, सीपीआरचा सरकारी दवाखाना, महापालिकेची शाळा, सगळीकडं हेच. माझे वडील शाळेत गुजरीतल्या एका सराफाच्या पोराला लागून बसायचे. छप्पर गळलं की सराफ स्वतः हेडमास्तरांच्या दारात. आज त्याच शाळेत गळतं तिथं बादली ठेवतात.

वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा अंदाज, २०२२-२३ सालचा: देशातल्या वरच्या १ टक्क्याकडं ४०.१ टक्के संपत्ती. वारसा कर १९८५ ला गेला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटात. म्हणजे रांग सोडली ती सोडली, वर रांगेची वर्गणीही माफ.

फौंड्रीवाला
मास्तर, बोअर त्यानं स्वतःच्या पैशानं मारली ना? मग तुमचा नंबर एकानं पुढं सरकला. आभार माना.

मी उद्यमनगरात एका जुन्या लेथवर सुरुवात केली. आज शिरोलीत चाळीस माणसं आहेत. कास्टिंग रिजेक्ट होऊन परत येतं, पार्टी चार-चार महिने पेमेंट अडकवते, पगार मात्र सात तारखेला. तेव्हा माझ्या रांगेत कोण उभं नव्हतं.

आकडे मलाही येतात. १९७३-७४ ला वरचा आयकर ९७.७५ टक्के होता. समता आली? दोन नंबरचा पैसा आला. तुमचा लाडका संपत्ती कर २०१३-१४ ला अख्ख्या देशातनं १,००८ कोटी जमवत होता, देशाच्या मानानं चहापाण्याचा खर्च. आणि वर्ल्ड बँकेच्या हिशेबानं अतिगरीब २०११-१२ ला २७.१ टक्के होते, २०२२-२३ ला ५.३. श्रीमंत ह्याच काळात वाढले. विषमता मोजायचा गिनी (कमी तितकं बरं) २५.५, म्हणजे जगातल्या बऱ्याच देशांपेक्षा आपण समान. मग रडायचं कशाला?

तांबडा_पांढरा
फौंड्रीवाले, तो २५.५ खर्चाचा गिनी आहे, संपत्तीचा नव्हे. शेठ माणूस किती खाणार? मटणाची ताटं दोनच. उरलेल्या पैशाचे शेअर आणि प्लॉट होतात, ते त्या आकड्यात येतच नाहीत. कळंब्याकडं गुंठ्याचा भाव ऐका एकदा. राहायला घेणारा एक, ठेवायला घेणारे दहा.

फौंड्रीवाला
खर्चाचा आहे, बरं. गरिबीचा आकडा पण खर्चाचाच आहे, तो तरी मान्य का तोही नको?

तांबडा_पांढरा
तो मान्य. खूश?

शिरोळचा_ऊस
तुम्ही मुंबईच्या अब्जाधीशांवर भांडा. आमचा अब्जाधीश इथंच कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर बसतो.

कायदा म्हणतो १४ दिवसांत बिल. २०२४-२५ ला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये. माझा ऊस डिसेंबरात तुटला, पैसे मार्चअखेर. सोसायटीचं व्याज थांबलं का? बाहेरच्या काट्यावर वजन करून ट्रॉली नेली, गेटातनं आत गेल्यावर एक टन हवेत. विचारलं तर म्हणतात, पाचट भरलंय. कारखान्याचं नाव घेत नाही, पाहुणेच संचालक आहेत आणि मे महिन्यात लग्न आहे.

गंगावेशकर
हेच म्हणतोय मी. तुमची तक्रार ज्याच्याकडं, काटाही त्याचाच.

शिरोळचा_ऊस
तुम्ही "हेच" म्हणत नव्हता, तुम्ही पाण्याच्या टँकरचं म्हणत होता. पगारदार माणसाला उसातलं काय कळतंय.

जुना_बोर्डिंगवाला
कोल्हापुरात बसून संपत्तीला नावं ठेवता? शाहू महाराजांपेक्षा श्रीमंत कोण होतं ह्या संस्थानात? त्यांच्याच आधारानं बोर्डिंगं उभी राहिली, राधानगरी धरणाचं काम निघालं, शाहूपुरीची पेठ वसली. माझे आजोबा बोर्डिंगात राहून शिकले, नाहीतर मी आज हे टाईप करत नसतो. दानत असली की पैसा वाईट नाही.

गंगावेशकर
दानत नव्हे हो, हुकूम. १९०२ ला नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या वर्गणी काढून नव्हे. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. आजचा शेठ देणगी देतो आणि नाव कमानीवर. आवडलं नाही तर पुढच्या वर्षी देत नाही.

जुना_बोर्डिंगवाला
एवढं तरी देतो. तुम्ही काय दिलंत? (दंडाचा मुद्दा बरोबर आहे, पण तुमचा सूर चुकीचा आहे.)

तांबडा_पांढरा
सगळ्यात भारी उदाहरण राहिलंच. जून २०२५, मिलान, प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीच्या रॅम्पवर आपलं कोल्हापुरी पायताण. कोल्हापूरचं नाव नाही, किंमत लाखावर असल्याच्या बातम्या. ओरड झाल्यावर म्हणाले, होय, प्रेरणा तिकडची. विषमता ती हीच.

सीमाभागकर
"आपलं" म्हणजे कुणाचं? निम्मा माल अथणी, निपाणी, मदभावीकडं होतो. कोल्हापुरात फक्त बोर्ड लागतो. २०१९ चा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, वाचा, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकचे.

तांबडा_पांढरा
बेळगाव पण आपलंच आहे, मग प्रश्न मिटला.

सीमाभागकर
घोषणा देऊन कातडं कमावता येत नाही. तुमच्या चप्पल लाईनमध्ये शंभर मीटरात "अस्सल कापशी" चप्पल म्हणून रेक्झिनचे तळ विकतात. प्राडानं निदान कातडं वापरलं.

शिरोळचा_ऊस
उसाचं राहिलं बाजूला, चपलेवर सीमावाद पेटला. नाद खुळा.

सुभाषनगरची
एवढा वेळ वाचत होतो, आता सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. तुम्ही "विषमता" म्हणून जे दाखवताय ते माझ्या आईच्या अंगठ्यावर आहे. वेणी घालताना वादी ओढून ओढून तिथं घट्टा पडलाय, आधार कार्डाच्या मशीनला तो अंगठा लागत नाही. कातडं भिजवायचं, तळ कापायचा, कान लावायचे, चामड्याच्याच वादीनं शिवायचं, एक खिळा नाही. बाबा आणि आई मिळून दोन दिवसांत एक जोड. दुकानदार देतो ७००, काचेत लावतो १,९०० ला. तो दुकानदारही काही अब्जाधीश नाही, त्याच्या जागेचं भाडं मला माहीत आहे.

प्राडाचा राग तुम्हाला आला. आमच्या गल्लीत उलट बरं वाटलं, कारण त्या महिन्यात फोन वाजायला लागले. डिसेंबरात प्राडाचा लिडकॉम आणि लिडकर ह्या महाराष्ट्र-कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, २,००० जोड, एकाची किंमत ८०० युरोच्या आसपास. त्यातलं आईच्या हातात किती पडणार, एवढंच मला विचारायचंय. ते कुठल्या बातमीत आलं नाही.

सीमाभागकर
सुभाषनगरची आणि "वाचत होतो", "सांगतो"? आयडी कुणाचा नक्की?

सुभाषनगरची
कोल्हापूरची हाय. असंच बोलतो आम्ही. बेळगावात कळत नसेल तर विचारून घ्या.

गंगावेशकर
ताई, तुमचं वाचून माझं टँकरचं पुराण हलकं वाटलं.

फौंड्रीवाला
वाईट वाटलं वाचून, खोटं सांगत नाही. पण ७०० आणि १,९०० मध्ये अंबानी कुठं आला? दुकानदार आला, भाडं आलं, म्हणजे मार्केट आलं. तुमच्या आईनं थेट विकावं. मोबाईल आहे, कुरिअर आहे. माझ्या बापानं लेथ घेतला तेव्हा तेही नव्हतं.

तांबडा_पांढरा
आँ? लेथ तुम्ही घेतला होता ना? वर वाचा. जुना लेथ, स्वतःची सुरुवात वगैरे.

फौंड्रीवाला
बापानं घेतला, मी चालवला. शेड पण त्यांचीच होती, झालं समाधान? वारसा म्हणून लेथ मिळाला तर तो काय गुन्हा झाला?

गंगावेशकर
गुन्हा कोण म्हणतंय? लेथ मिळाला एवढं पहिल्याच परिच्छेदात लिहायचं होतं.

फौंड्रीवाला
तुम्हाला जिंकायचंय, जिंका. वरच्या १ टक्क्यावर थोडा कर बसला तर माझं काही जात नाही, मी त्यात नाही. पण तो पैसा थेट पाईपलाईनसारखा फिरून फिरून येणार. कित्येक वर्षं आंदोलनं केली आणि काळम्मावाडी धरणाचं पाणी त्या पाईपलाईननं शहरात आलं २०२३ च्या दिवाळीत. तेवढा बोअरवाला जगेल का?

गंगावेशकर
बोअरवाला आंदोलनात असता तर लवकर आली असती.

फौंड्रीवाला
तुमची सुई अडकलीय. असो. सुभाषनगरच्या ताई, थेट विकता का? कापशी पाहिजे, ९ नंबर, करकर वाजणारी. काय घ्याल?

सुभाषनगरची
१,५००. आठ दिवस लागतील.

फौंड्रीवाला
१,५००? दुकानदाराला ७०० ला देता की. हजार करा.

सुभाषनगरची
मार्केट म्हणालात ना? १,५००.

शिरोळचा_ऊस
बघा, काटा ह्यांच्याकडं आला की लगेच टन हवेत.

फौंड्रीवाला
बरं बाई, १,५००. पण वाजली पाहिजे.