अनुभव धागा : गरजू मुलांसाठी ऑनलाइन समूहांनी केलेली मदत

काजवा (धागाकर्ती) :
गरजू मुलासाठी आवाहन आलं की आपण ते पुढे पाठवतो, जमेल तसे पैसे देतो. त्या मुलाचं पुढे काय झालं हे मात्र क्वचितच कळतं. फेसबुक, व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरच्या अशा समूहांत ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी इथे लिहावं, अशी मनापासून विनंती. गरज काय होती, खात्री कोणी केली, मदत कुठे अडली, एवढं आलं तरी पुष्कळ. मुलाचं नाव, शाळा, हॉस्पिटल कृपया लिहू नका.

सुरुवात मी करते. आमचा समूह कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या पालकांचा. श्रवणयंत्रासाठी पैसे देणारे भेटतात, पण यंत्र मिळालं म्हणजे काम संपलं असं नसतं. मूल वाढतं तसा कान वाढतो, कानातला साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. मग मूल ते काढून फेकतं. अगदी लहान मुलांचा साचा तर काही महिन्यांतच बदलावा लागतो. बॅटऱ्यांचा खर्च वेगळाच. साच्यासाठी आणि बॅटरीसाठी कोणी आवाहन करत नाही, म्हणून आम्ही फक्त तेवढंच करतो. ऑडिऑलॉजिस्टची चिठ्ठी आली की साचा बनवणाऱ्याला परस्पर पैसे जातात. आणि एक विनंती : झिंक-एअर बॅटरी देणार असाल तर तिचं स्टिकर काढलेलं नको. ते निघालं की बॅटरी न वापरताही उतरू लागते.

पिंपळपान :
माझ्या भाचीला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि हे कायमचं आहे. पण "तातडीने रक्त हवे" असं लिहिलं की एकाच दिवशी माणसांची रीघ लागते. सगळ्यांनी त्याच दिवशी दिलं तर पुढच्या महिन्यांत कोण देणार? एकदा रक्त दिलं की साधारण तीन महिने थांबावं लागतं, आणि लाल पेशी साठवल्या तरी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर पाच-सात दिवसच.

म्हणून आमच्या समूहात आवाहनं नसतात, वेळापत्रक असतं. प्रत्येक दात्याचा महिना ठरलेला, आणि त्याच्यामागे एक राखीव. बहुतेकांनी भाचीला पाहिलेलंही नाही आणि ते विचारतही नाहीत. या माणसांबद्दल मला काय वाटतं ते लिहायला बसले तर रडू येईल, म्हणून थांबते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळावी. रक्ताच्या प्रत्येक संदेशात तारीख लिहा. गरज पुरी झाल्यावर मूळ पोस्टमध्येच तसं लिहा आणि पुढे पाठवताना मजकुराऐवजी त्या पोस्टची लिंक पाठवा. नाहीतर जुना संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि फोन त्या आईवडिलांचाच वाजत राहतो. कधी कधी तर मूल गेल्यानंतरसुद्धा.

दूरदेशी :
आमचा अनुभव शस्त्रक्रियांसाठी पैसे उभे करण्याचा. स्पष्टच लिहितो : फोटो असला तर पैसे जमतात, नसला तर जमत नाहीत. पालकांची लेखी संमती असते, रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते, बिलं समूहाला दिसतात. जीव वाचणार असेल तर फोटोबद्दल एवढं कडक व्हावं असं मला वाटत नाही.

चष्मा :
दूरदेशी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणूनच लिहितो. मी असं फोटोतलं मूल होतो. लहानपणी माझ्या शस्त्रक्रियेसाठी अनोळखी लोकांनी पैसे दिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण अंगाला नळ्या लावलेला, अर्धा उघडा असा माझा फोटो कॉलेजमध्ये कोणीतरी शोधून काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. आईबाबांनी संमती दिली होती, हे खरं. त्या क्षणी त्यांनी कशालाही संमती दिली असती. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि माझं विचारण्याचं वयही नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात, सोळाव्या कलमात, मुलाच्या खासगीपणाचा हक्क आहे. आजारी मूल त्याला अपवाद नाही.

माझं मागणं मोठं नाही. चेहरा न दाखवता हाताचा फोटो टाका किंवा मुलाने काढलेलं चित्र टाका. डॉक्टरांचं पत्र नाव झाकून द्या. मूळ कागद समूहातल्या दोघातिघांनी पाहावेत आणि तसं आपल्या नावानिशी जाहीर करावं. लोक विश्वास ठेवतात तो त्या दोघातिघांवर. आणि काम झालं की पोस्ट काढून टाका. हे फार महत्त्वाचं.

दूरदेशी :
चष्मा, दोनदा वाचलं. जुन्या पोस्ट काढायचं काम आजच सुरू करतो. चेहऱ्याशिवाय निधी जमेल का, याची धास्ती मला अजून आहे. पुढच्या आवाहनात तुम्ही म्हणता तसं करून बघू आणि इथेच कळवीन.

मधली सुट्टी :
आमच्या समूहात पैसे नाहीत, आवाज आहेत. दृष्टिहीन मुलांसाठी आम्ही पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. २०१३च्या मराकेश करारामुळे कॉपीराइटची आडकाठी न येता अशा प्रती काढायची वाट मोकळी झाली, आणि तो करार सर्वांत आधी भारताने मंजूर केला, २०१४मध्ये. तरी अधिकृत संस्थेमार्फतच काम करा, म्हणजे परवानगीचे प्रश्न उरत नाहीत.

गोष्टी वाचायला सगळे तयार असतात, गणिताला कोणी नाही. कारण ते खरंच अवघड आहे. "अ अधिक ब भागिले क" एवढंच वाचलं तर भागाकार फक्त ब-चा की पूर्ण बेरजेचा, हे ऐकणाऱ्या मुलाला कसं कळणार? आम्ही कंस उघडला, कंस बंद, अंशस्थानी, छेदस्थानी असं सगळं म्हणतो. आकृती असेल तर ती शब्दांत उभी करावी लागते. एका मुलीने कळवलं, "तुम्ही त्रिकोण सांगता तेव्हा कुठल्या कोपऱ्यापासून सुरू करता ते आधी सांगा." तेव्हापासून प्रत्येक आकृती डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू होते. गणित आणि भूगोल वाचणारे हवे आहेत. नकाशे पडून आहेत!

उंबरठा :
एकटं, घाबरलेलं मूल दिसलं की लोक व्हिडिओ काढून टाकतात. आधी बाल हेल्पलाइनला फोन करा. भारतात १०९८, युरोपातल्या बऱ्याच देशांत ११६१११. "हरवलेलं मूल" म्हणून आलेला फोटोही पोलिसांच्या नोंदीची खात्री झाल्याशिवाय पुढे पाठवू नका. काही वेळा मारझोडीतून निसटलेल्या आईचा आणि मुलाचा ठावठिकाणा असाच शोधला जातो. २०१८मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांवरून भारतात निरपराध माणसं मारली गेली. त्यानंतर व्हॉट्सॲपने संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली, आधी भारतात आणि २०१९मध्ये जगभर.

ओलावा :
मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी आईचं दूध मागणाऱ्या पोस्ट आमच्याकडे येतात. आम्ही कोणाचं दूध कोणाला थेट देत नाही, दोघींनाही दूधपेढीकडे पाठवतो. तिथे दात्या आईची एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवून पाश्चराइझ करतात. आमचं काम फोन करण्याचं, बाटल्या नेण्या-आणण्याचं आणि दूध देणारीचं ऐकून घेण्याचं. कधी तिचं स्वतःचं बाळ गेलेलं असतं.

काजवा :
सगळ्यांचे आभार. एक प्रश्न आहे. गरजेपेक्षा जास्त पैसे जमले तर तुम्ही काय करता? आमच्याकडे यावरून वाद झालेत.

दूरदेशी :
आवाहनातच लिहून ठेवतो : लक्ष्य गाठलं की खातं बंद, आणि उरलेली रक्कम कोणत्या कामाला जाईल ते. हे आधी लिहिलेलं नसेल तर देणाऱ्यांना विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवत नाही.

निवडुंग :
पिंपळपानताई, तुमच्या वेळापत्रकाचा साचा मिळेल का? आमच्याकडे अशी दोन मुलं आहेत.

पिंपळपान :
नक्की. पाच रकाने आहेत : टोपणनाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान, पुढची तारीख, राखीव दाता. फोन नंबर त्यात ठेवू नका, ते एकाच माणसाकडे असू देत. दोन्ही मुलांचे रक्तगट आणि पुढच्या तारखा मला निरोपातून पाठवा, पहिला महिना बरोबर बसून लावू.